घोरणे थांबते तेव्हा

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर सोलापूर जिल्ह्यात शिरली, की माळशिरसनंतरचा तिचा मुक्काम वेळापूरला पडतो. एरवी हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या देवळासाठी आणि भोवतालच्या उसासाठी ओळखले जाते. पालखीच्या रात्री मात्र गाव कुठे संपते आणि राहुट्या कुठे सुरू होतात हे समजत नाही. दिवसभर चाललेली माणसे ताडपत्रीवर खांद्याला खांदा लावून झोपतात. मध्यरात्री टाळांचे आवाज थांबले, की दुसरेच एक भजन सुरू होते. ते म्हणजे घोरणे!

काही वर्षांपूर्वी अशाच एका राहुटीत आम्ही दोघे-तिघे शिक्षक जागे पडलो होतो. शेजारी एक पंचावन्न-साठीचे, आखूड मानेचे, स्थूल गृहस्थ उताणे झोपले होते. त्यांचे घोरणे चढत चढत जाई आणि एकाएकी बंद पडे. अगदी शांत. पण बॅटरीच्या उजेडात पाहिले तर छाती आणि पोट हलतच होते, जणू आत हवा ओढण्याची झटापट चालू होती. मग एक मोठा हुंदका दिल्यासारखा आवाज, अंगाला झटका, आणि पुन्हा घोरणे सुरू. कुतूहल म्हणून आम्ही घड्याळ लावले. एकदा अठरा सेकंद शांतता, एकदा पंचवीस, एकदा चांगली चाळीस. तासाभरात असे तीसहून अधिक वेळा झाले. पलीकडची पोरे तोंडावर पांघरूण घेऊन हसत होती. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

सकाळी विचारले, "माउली, झोप झाली का?" तर म्हणाले, "कसली झोप! डोळ्याला डोळा नाही रात्रभर." त्यावर त्यांच्याच दिंडीतला एक जण उसळला, "अहो, डाराडूर घोरत तर होता की!" आज विचार केला तर वाटते, दोघेही खरेच बोलत होते. त्या वेळी मात्र या प्रकाराला काही नाव आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. काका पुढे भंडीशेगावच्या वाटेला लागले, आणि त्यांना काही सांगायचे राहून गेले ते राहूनच गेले.

नाव आहे. इंग्रजीतून आलेले 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव आता दवाखान्यांत सर्रास चालते. मराठीत त्याला झोपेतला श्वासरोध म्हणता येईल. 'अ‍ॅप्निया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वास नसणे, आणि 'ऑब्स्ट्रक्टिव्ह' म्हणजे अडथळ्यामुळे होणारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी या विकाराचा उल्लेख केला आणि पुष्कळ मराठी वाचकांनी हा शब्द पहिल्यांदा वाचला. विकार मात्र माणसाइतकाच जुना असला पाहिजे. मग वैद्यकाला तो नीट कळायला १९६५ साल का उजाडावे लागले? ही गोष्ट आम्हाला विकाराइतकीच शिकण्यासारखी वाटते.

सगळी अडचण काकांच्या उत्तरात आहे. ज्याला हा विकार आहे त्याला तो कधीच दिसत नाही, कारण तेव्हा तो झोपलेला असतो. ज्याला दिसतो तो शेजारी असतो, आणि शेजाऱ्याला तो विनोद वाटतो. वैद्य रोग्याला भेटतो तो दिवसा, जागेपणी. त्या वेळी घसा अगदी उघडा असतो.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी काही तुकडे टिपले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाला होणाऱ्या त्रासांची यादी आहे. तीत धाप, तहान, भूक, अतिझोप, घाम यांच्या जोडीला 'क्रथन' असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ कोणी घोरणे असा करतात, तर कोणी एकाएकी श्वास अडणे असा. पुढे माधवनिदानातही मेदोरोगाच्या लक्षणांत हा शब्द आहे. स्थूलपणा, अतिझोप आणि अडणारा श्वास यांना एका ओळीत बसवणारी नजर तीक्ष्णच म्हटली पाहिजे. म्हणून प्राचीनांना सगळे माहीत होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. यादीत शेजारी असणे वेगळे आणि एकामुळे दुसरे होते हे दाखवणे वेगळे. आणि आपल्या कथांत शेवटी राहिला तो कुंभकर्णच. त्याच्या घोरण्याचे वर्णन आपण आजही हसत सांगतो.

इंग्रजीतही तसेच झाले. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तीत ज्यो नावाचा एक लठ्ठ, लालबुंद चेहऱ्याचा नोकर पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, दार ठोठावता ठोठावता झोपतो आणि घोरतो. डिकन्सने त्याच्याकडून हशा वसूल केला. पण वर्णन इतके नेमके होते, की पुढच्या शतकात डॉक्टरांनी एका रोगलक्षणसमूहाला त्या कादंबरीवरून 'पिकविकियन' असे नाव दिले.

त्या आधीची एक नोंद मात्र आपल्या व्यवसायाच्या अगदी जवळची आहे. १८८९ साली लंडनचे डॉक्टर विल्यम हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक टिपण लिहिले. विषय होता मुलांच्या मागासपणाची आणि मठ्ठपणाची काही कारणे. त्यांनी रंगवलेले मूल कोणत्याही शिक्षकाला लगेच ओळखू येईल. तोंड सदा उघडे, चेहरा सुस्त, शाळेत डोके दुखते, रात्री घोरते आणि अस्वस्थपणे तळमळते. हिल यांचे म्हणणे होते, की अशा मुलाच्या बुद्धीकडे बोट दाखवण्यापूर्वी त्याच्या नाकाघशात पाहा, श्वासाच्या वाटेवर वाढलेल्या गाठी सापडतील. टॉन्सिल्स आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड्स या त्या गाठी. तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, विल्यम ऑस्लर यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातही अशा मुलांचे वर्णन आले. म्हणजे विकाराचा एक कोपरा हाती आला होता. पण पुढे टॉन्सिल्स काढण्याची एवढी लाट आली, की कुणाचे का काढायचे याचा विचारच मागे पडला. जंतुनाशक औषधे आल्यावर लाट ओसरली आणि तिच्याबरोबर हिल यांची गोष्टही विसरली गेली.

१९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. एक्कावन्न वर्षांचे, सुमारे १२० किलो वजनाचे हे व्यावसायिक गृहस्थ आपल्या झोपाळूपणाला कंटाळले होते. दर आठवड्याला ते मित्रांबरोबर पत्ते खेळत. एके दिवशी त्यांच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकरच्या खेळात असा हात क्वचित येतो. पण पैसे लावण्याच्या आधीच त्यांना डुलकी लागली! काही दिवसांतच ते रुग्णालयात भरती झाले. 'पिकविकियन' हे नाव या लेखामुळे रूढ झाले.

बर्वेल यांनी दिलेली कारणमीमांसा ऐकायला अगदी पटण्यासारखी होती. चरबीच्या ओझ्यामुळे छाती पुरेशी फुलत नाही, रक्तात कर्बवायू साठतो, त्याची गुंगी येते आणि म्हणून माणूस दिवसा झोपतो. रक्त तपासले तर कर्बवायू खरोखरच जास्त होता. (अशा प्रकारचा विकार खराच आहे आणि तो आज वेगळ्या नावाने ओळखला जातो.) पण दिवसाच्या झोपेचे मुख्य कारण हे नव्हते. निरीक्षण बरोबर, तर्कही सुसंगत, तरी उत्तर चुकलेले. प्रश्न दिवसाच्या झोपेचा होता आणि रात्रीच्या झोपेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

पाहायला साधनेही हवी होती. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली होती. १९५३ मध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलण्याचा टप्पा शोधला. तेव्हा झोप म्हणजे मेंदूचा दिवा विझणे नव्हे, तिला स्वतःच्या पायऱ्या आहेत, हे समजले. आता झोपलेल्या माणसाच्या डोक्याला तारा लावून रात्रभर जागणारे संशोधक निर्माण झाले. १९६५ साली फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो, तासिनारी आणि ड्युराँ यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग आणि कूलो यांनी, 'पिकविकियन' रुग्णांच्या मेंदूलहरी आणि श्वास एकाच वेळी नोंदवले. कागदाच्या पट्टीवर सगळे उघड झाले. श्वास थांबतो, काही सेकंदांनी मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा श्वास बंद. रात्रीतून शेकडो वेळा. गुंगीमुळे हे रुग्ण झोपत नव्हते. त्यांना रात्रभर कोणी झोपूच दिले नव्हते, आणि झोपू न देणारा त्यांचा स्वतःचा घसा होता.

हे सगळे संशोधक फुप्फुसांचे तज्ज्ञ नव्हते, मेंदूचे अभ्यासक होते. श्वासाचा हा रोग श्वासाच्या तज्ज्ञांच्या हातून निसटला आणि झोपेजवळ जागत बसलेल्यांना सापडला, यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

आता घशात नेमके काय होते ते पाहू. त्यासाठी वेळापूरच्या एखाद्या विहिरीवर जाऊ. माळशिरस तालुका नीरेच्या कालव्याने भिजतो आणि पंप सगळ्या मुलांच्या ओळखीचा असतो. पंपाला दोन पाइप असतात. विहिरीतून पाणी ओढणारा सक्शनचा पाइप नेहमी टणक असतो. पाणी पुढे शेतात नेणारा मात्र कापडासारखा मऊ लपेटा पाइप असला तरी चालतो. हा लपेटा पाइप सक्शनच्या बाजूला लावून पाहा, असे मुलांना विचारले तर ती हसतील. पंप ओढायला लागला, की आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि मऊ पाइप चपटा होऊन चिकटतो. मोटर जितकी जोरात ओढेल तितका तो अधिकच घट्ट चिकटेल.

आपली फुप्फुसे हा ओढणारा पंप आहे. छातीतील श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, म्हणजे ती टणक पाइपासारखी असते. पण नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा तुकडा मऊ असतो. त्याच्या पुढे जीभ, वर मऊ टाळू आणि पडजीभ. त्याला हाडाचा किंवा कूर्चेचा सांगाडा नाही. बोलण्यासाठी आणि गिळण्यासाठी हा भाग लवचीकच हवा. जागेपणी भोवतीचे स्नायू, विशेषतः जिभेला पुढे ओढून धरणारा स्नायू, ही वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण मानेत चरबी जास्त असेल, खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल्स मोठे असतील, तर वाट आधीच अरुंद असते. थोडी अरुंद झाली तर मऊ भाग फडफडतो, हेच घोरणे. पूर्ण मिटली तर शांतता. छाती ओढत राहते, पण हवा येत नाही. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते म्हणून त्रास वाढतो, आणि रात्री घेतलेली दारू स्नायू आणखी सैल करते. १९७८ मध्ये रेमर्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जिभेच्या स्नायूचे विद्युत्संदेश नोंदवून हा ओढाताणीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला.

हवा अडली की रक्तातील प्राणवायू घसरतो. करोनाच्या साथीत २०२० नंतर घरोघर आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथेही कामाला येतो. (जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले.) प्राणवायू घसरला, की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, रक्तदाब वर जातो आणि माणूस इतका थोडा जागा होतो, की सकाळी त्याला त्याची आठवणही नसते. प्रौढांत श्वास किमान दहा सेकंद अडला तर तो मोजतात. श्वास अर्धवट अडल्याचे प्रसंगही त्यात धरतात. तासाला पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे आठ तासांत २४० वेळा. वर्गात गणित घालायला हरकत नाही: एका माणसाला रात्रभर दर दोन मिनिटांनी हलवून उठवले तर तो दुसऱ्या दिवशी गाडी कशी चालवील? वर्षानुवर्षे असे चालले तर रक्तदाब कायमचा चढतो. हृदयाची लय बिघडणे आणि पक्षाघात यांच्याशीही या विकाराचे नाते दिसते. रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणे हेही त्याचे एक लक्षण आहे. आपण ते वयावर किंवा साखरेवर घालून मोकळे होतो.

कारण कळल्यावर उपाय सुचायला वेळ लागला नाही. पण तो उपाय भयंकर होता. १९६९ मध्ये जर्मनीत कूलो आणि सहकाऱ्यांनी मिटणाऱ्या भागाच्या खाली, गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवली. दिवसा बूच लावायचे, रात्री उघडायचे. हवा मऊ भागाला वळसा घालून सरळ आत जाऊ लागली आणि रुग्ण जणू जादूने जागे झाले. विज्ञानाच्या दृष्टीने हा उत्तम पुरावा होता: अडथळा टाळला की रोग जातो. पण आयुष्यभर गळ्याला भोक ठेवायला कोण तयार होईल?

फ्रेंच डॉक्टर क्रिस्तियाँ गियेमिनो १९७२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथल्या सुरुवातीच्या रुग्णांत साडेदहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला औषधांना न जुमानणारा रक्तदाब होता आणि तो दिवसा झोपाळलेला असे. घोरणाऱ्या मुलाच्या गळ्याला भोक पाडा, हे बालरोगतज्ज्ञांना वेडेपणाचे वाटले. पुष्कळ वादानंतर शस्त्रक्रिया झाली आणि रक्तदाब उतरला. घोरणे आणि रक्तदाब यांचा संबंध अनेकांना तेव्हा पहिल्यांदा पटला. १९७६ मध्ये गियेमिनो आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. विकाराचे आजचे नावही त्याच काळात रुळले. केवळ लठ्ठ माणसांचा हा रोग नव्हे, हेही त्यांच्याच कामातून स्पष्ट झाले. हिल यांचे टिपण येऊन तोवर सत्त्याऐंशी वर्षे झाली होती!

आता पुन्हा विहिरीवर येऊ. लपेटा पाइप सक्शनच्या बाजूला चिकटतो, पण पाणी ढकलणाऱ्या बाजूला तोच पाइप टम्म फुगून उभा राहतो. मग घशातली हवा ओढली जाण्याऐवजी थोडी ढकलली तर? ही कल्पना ऑस्ट्रेलियात सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी प्रत्यक्षात आणली. त्याआधी ते टोरांटोत कुत्र्यांच्या झोपेतील श्वासावर प्रयोग करत आणि कुत्र्यांच्या नाकावर बसतील असे मुखवटे बनवत. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे तीव्र विकाराचा एक रुग्ण होता. गळ्याला भोक पाडून घ्यायला तो तयार नव्हता, प्रयोगाला मात्र तयार होता. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, साधी नळी आणि नाकावर सिलिकोनने चिकटवलेला मुखवटा, असे ते यंत्र होते. दाब वाढवला तसे अडणे थांबले आणि तो माणूस गाढ झोपला. दाब कमी केला की श्वास पुन्हा अडे. दिवा बटणाने लावावा-विझवावा तसा हा खेळ होता. एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात पाच रुग्णांवरील हा प्रयोग प्रसिद्ध झाला. 'सीपॅप' या नावाने आज ओळखले जाणारे यंत्र ते हेच.

यातला दाब किती? सलिव्हन यांनी वापरला तो पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीइतका. वर्गात एक प्रयोग करता येईल. पेल्यात पाणी घेऊन सरबताची नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि हळूच फुंकून बुडबुडे काढा. पहिला बुडबुडा निघताना आपल्या तोंडात जो दाब असतो, तो हा. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का! चाकू चालवून जे साधत होते ते एका फुंकरीने साधले. जोडीला मऊ कागदी नळी ओली करून तिने घट्ट लस्सी ओढून पाहा. नळी चपटली की विकार समजला.

आपल्याकडे हा रोग आहे का, असा प्रश्न नव्वदच्या दशकापर्यंत विचारला जाई. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली टेरी यंग आणि सहकाऱ्यांनी नोकरदार माणसांची पाहणी केली. त्यांना तीस ते साठ वयाच्या पुरुषांत चार टक्के आणि स्त्रियांत दोन टक्के लोकांमध्ये झोपाळूपणासह हा विकार आढळला. मग मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्नावली दिली. त्यांपैकी २५० जणांची त्यांच्या घरीच रात्रीची नोंद घेतली. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के निघाले, आणि त्याबरोबर दिवसाचा झोपाळूपणाही असण्याचे ७.५ टक्के. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते, हे लक्षात घ्या. पाहणी फक्त पुरुषांची आणि शहरातली होती. वेळापूरच्या राहुटीतले प्रमाण त्यावरून काढता येणार नाही.

उपचारांबद्दल थोडक्यात. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, दारू सोडणे हे साधे उपाय सौम्य विकारात उपयोगी पडतात. खालचा जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टीही काहींना लागू पडते. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत विद्युत्संदेश देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, आणि लठ्ठ रुग्णांसाठी टिर्झेपॅटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये. स्नायूंच्या व्यायामाचाही विचार झाला आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियन आदिवासींचे डिजरिडू हे लांब फुंकवाद्य वाजवणाऱ्या रुग्णांना फायदा झालेला दिसला. २०२५ मध्ये जयपूरच्या संशोधकांनी शंख फुंकण्याचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीसच रुग्ण होते, तेव्हा शंखाचा जयघोष करायला अजून अवकाश आहे. मध्यम आणि तीव्र विकारात मुख्य भरवसा आजही सीपॅपवरच आहे. पण तो रोज रात्री तोंडाला बांधून झोपावे लागते. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे अशा २७१७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०१६) भारतातील रुग्णही होते. तिथे यंत्राने झोपाळूपणा घटला आणि मन सुधारले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. लोक यंत्र रात्री सरासरी सव्वातीन तासच लावत होते, हे त्याचे एक कारण असू शकेल. शिवाय यंत्राची किंमत शेतमजुराच्या आवाक्यातली नाही, ही गोष्ट वैद्यकीय लेखांत क्वचितच येते.

मुलांबाबत सांगायचे राहिले, आणि ते आमच्या मनाला लागलेले आहे. १९९८ मध्ये डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेत पहिलीतल्या, अभ्यासात अगदी तळाशी असलेल्या २९७ मुलांची झोपेतली तपासणी केली. ५४ मुलांत, म्हणजे १८ टक्क्यांत, झोपेत श्वास बिघडत असल्याची चिन्हे निघाली. ज्यांचे टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड्स काढले गेले त्यांचे पुढच्या वर्षीचे गुण वाढले. ज्यांच्या पालकांनी नकार दिला त्यांचे वाढले नाहीत. २०१३ मध्ये ४६४ मुलांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडून अधिक काटेकोर चाचणी झाली. सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे वागणे, झोप आणि एकूण स्वास्थ्य इतरांपेक्षा अधिक सुधारले होते. एकाग्रतेच्या परीक्षेत मात्र मोठा फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांपैकीही जवळजवळ निम्म्यांच्या झोपेची नोंद त्या काळात आपोआप पूर्ववत झाली. म्हणजे मठ्ठपणावर टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया असा सोपा हिशेब नाही, आणि प्रत्येक घोरणारे मूल आजारी नाही. पण रोज रात्री घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे, घामाघूम होऊन तळमळणारे, मोठे होऊनही अंथरूण ओले करणारे मूल कानानाकघशाच्या डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. मोठी माणसे पेंगतात, मुले पुष्कळदा उलट वागतात. ती चुळबुळी, चिडकी, एका जागी न ठरणारी होतात. त्यामुळे शिक्षकाला झोपेचा संशयही येत नाही.

आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. तोंड कायम उघडे, नाकात बोलणे, दुसऱ्या तासाला डोळे मिटलेले. त्याला आम्ही बाकावर उभे केले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. मुले त्याला कुंभकर्ण म्हणत आणि आम्ही ती हाक थांबवली नाही. सहलीच्या मुक्कामात तो केवढ्याने घोरतो हे सगळ्या शाळेला माहीत होते. एका मुलाने तर सांगितलेही होते, "सर, तो मध्येच बंद पडतो." निरीक्षण झाले होते, नोंदवले गेले होते, योग्य माणसापर्यंत पोहोचलेही होते. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. त्याच्या घशात काय होते, हे आता कळायला मार्ग नाही.